गवत कापावे की कुटावे?
कुरण, गायरान व शेतीसाठी फ्लेल मोअरची निवड आणि वापर

गिरगाव हा मुंबईच्या मध्यवर्ती आणि दाट वस्तीच्या भागांपैकी एक होय. गुरे चरावयास न्यावीत इतकी मोकळी जमीन तेथे आज उरलेली नाही. तथापि मुगभाट, बोरभाट, फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी ही तेथील गल्ल्यांची व वाड्यांची नावे एके काळच्या शेती-बागायतीची आठवण अजूनही टिकवून आहेत. गिरगावच्या पश्चिम कडेला असलेल्या चर्नी रोड या रेल्वे स्थानकाचे नाव तर थेट चराऊ जमिनीशी जोडले जाते. सन १८३८ मध्ये इंग्रज सरकारने गुरे चारण्यावर फी बसविली. ती देणे गरीब गुरेवाल्यांना शक्य नव्हते. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांनी स्वतःचे २०,००० रुपये खर्चून ठाकूरद्वारनजीक समुद्रकिनाऱ्यालगतची काही गवताळ जमीन विकत घेतली आणि तेथे गुरांना विनामूल्य चरू दिले, असे सांगितले जाते. चरण्याची जागा ती 'चरणी', आणि तिच्यावरून चर्नी रोड. हे नाव ठाण्याच्या चेंदणीवरून आले असेही एक मत आहे. नावाचा उगम कोणताही मानला, तरी गवत आणि चराई हा एके काळी मुंबई बेटावरही सार्वजनिक प्रश्न होता, एवढे यावरून स्पष्ट होते. जमशेटजींच्याच पुढाकाराने १८३४ मध्ये स्थापन झालेले पांजरापोळ गिरगावशेजारच्या भुलेश्वरात आजही उभे आहे.

शहर वाढत गेले तसे गवत बाहेरून आणावे लागले. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. विजेची ट्राम येण्यास १९०७ साल उजाडले. ट्रामचे व बग्ग्यांचे घोडे आणि तबेल्यांतील गाई-म्हशी यांच्या वैरणीचा मोठा भाग त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या ठाणे व पालघर या दोन जिल्ह्यांतील, वरकस जमिनींवरून येत असे. तेथे विळ्याने कापलेले व उन्हात वाळविलेले गवत दाबून त्याच्या गाठी बांधीत आणि त्या मुंबईस पाठवीत. पुढे शहरातील जनावरे बाहेर हलविण्यासाठी १९४९ मध्ये आरे दुग्धवसाहत स्थापन झाली. तेथेही म्हशींसाठी पॅरा गवताची खास लागवड करावी लागली.

या इतिहासातील एक गोष्ट आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. हे सर्व गवत खाण्यासाठी कापले जात होते. ते अखंड, स्वच्छ आणि वाळविता येईल अशा स्थितीत हाती येणे आवश्यक होते, आणि विळा ते काम चोख बजावीत होता. आता गवत कापणाऱ्या मजुरांची संख्या घटली आहे, ट्रॅक्टर गावोगावी पोहोचले आहेत आणि गवत कापण्याची अनेक यंत्रे बाजारात आली आहेत. त्यांपैकी फ्लेल मोअर या यंत्राची मागणी वाढत आहे. मात्र हे यंत्र नेमके कोणत्या कामाचे आणि कोणत्या कामाचे नाही, याची माहिती न घेता ते घेतले, तर पैसा तर वाया जातोच; शिवाय गावाची वैरणही मातीमोल होते. यासाठी या यंत्राचा परिचय येथे करून दिला आहे.

फ्लेल मोअर म्हणजे काय?

'फ्लेल' हे मूळचे धान्य झोडपण्याच्या साधनाचे नाव होय. लांब दांड्याच्या टोकाला दुसरा आखूड दांडा सैल बांधावयाचा आणि त्याने कणसे झोडपावयाची, अशी ती जुनी पद्धत होती. फ्लेल मोअरमध्ये हेच तत्त्व वापरलेले आहे. यंत्राच्या आडव्या कवचाखाली एक जाड नळीसारखा रूळ असतो. त्यावर ओळीने अनेक पाती बिजागरीसारखी सैल लटकविलेली असतात. ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ. शाफ्टची शक्ती गिअर पेटी आणि पट्टे यांच्यामार्फत या रुळास मिळते. पी.टी.ओ.चा वेग मिनिटाला ५४० फेरे असला, तरी रूळ मिनिटाला सुमारे २,००० फेरे घेतो. फिरण्याच्या जोराने लटकती पाती ताठ उभी राहतात आणि समोर येणाऱ्या गवतावर एकामागून एक आघात करतात.

या आघाताचा जोर किती असतो, हे साध्या गणिताने समजते. पात्यांच्या टोकांनी होणाऱ्या वर्तुळाचा व्यास ४० सेंटिमीटर मानल्यास त्याचा परीघ सुमारे १.२५ मीटर भरतो. मिनिटाला २,००० फेरे म्हणजे सेकंदाला ३३ फेरे. म्हणजेच पात्याचे टोक सेकंदाला सुमारे ४२ मीटर, अर्थात तासाला सुमारे १५० किलोमीटर वेगाने फिरते. गवताचे तुकडे होतात ते या वेगामुळे. यंत्राखालचा दगड गोळीसारखा उडतो तोही याच वेगामुळे. हा आकडा यंत्र चालविणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा.

पात्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराची पातळ पाती गवत, तण व कोवळ्या झुडपांसाठी योग्य असतात. जाड हातोड्यासारखी पाती पऱ्हाटी, जाड खोडे व झुडपे यांसाठी वापरतात. ती गवत चिरण्याऐवजी ठेचतात आणि त्यांना शक्तीही अधिक लागते.

पाते सैल लटकलेले असणे हा या यंत्राचा मोठा गुण होय. दगड, खुंट किंवा वारूळ आडवे आले की पाते मागे झुकते आणि पुढे गेल्यावर पुन्हा सरळ होते. त्यामुळे ओबडधोबड माळावर ते सहसा अडत नाही.

चिरणारी यंत्रे आणि कुटणारी यंत्रे

गवत कापण्याच्या साधनांचे दोन गट करता येतात. पहिला गट चिरणाऱ्या साधनांचा. विळा, कात्रीप्रमाणे मागेपुढे सरकणाऱ्या पात्यांचा कटर बार मोअर आणि फिरत्या तबकड्यांवर पाती बसविलेला ड्रम मोअर ही या गटातील होत. ही साधने गवत बुडाशी एकदाच कापतात. काडी अखंड राहते, आडवी पडते, वाळते, गोळा करता येते आणि तिच्या पेंढ्या किंवा गाठी बांधता येतात.

दुसरा गट कुटणाऱ्या यंत्रांचा. फ्लेल मोअर, मल्चर आणि उसाचे पाचट कुटणारी यंत्रे या गटात येतात. एकाच काडीवर अनेक घाव बसून तिचे लहान तुकडे होतात आणि ते जमिनीवर पसरतात. ते दाताळ्याने ओढून गोळा होत नाहीत. शिवाय त्यांत माती, खडे व वाळके शेण मिसळलेले असते. असा चारा जनावर नाकारते, किंवा खाल्ल्यास आजारी पडण्याचा संभव असतो. गायरानात टाकलेल्या तारा, खिळे व प्लास्टिकच्या पिशव्या यांचेही यंत्राखाली बारीक तुकडे होतात. अखंड तार जनावराच्या नजरेस तरी पडते. तिचा बारीक तुकडा गवताबरोबर पोटात जातो आणि जठरास इजा करतो. कधीकधी हा तुकडा हृदयापर्यंत पोहोचून जनावर दगावते.

म्हणून या विषयातील मुख्य नियम एका वाक्यात सांगता येईल : जे गवत कोणाच्या तरी तोंडी जावयाचे आहे, ते चिरावे, जे जमिनीतच जिरवावयाचे आहे, ते कुटावे. यंत्राच्या जाहिरातीत काहीही लिहिलेले असो, खरेदीपूर्वी हा एक प्रश्न विचारल्यास बहुतेक चुका टळतील. कुटलेले गवत नळीवाटे थेट ट्रॉलीत भरणारी फ्लेल पद्धतीची चारा-कापणी यंत्रेही असतात. मात्र ती स्वच्छ, लागवड केलेल्या वैरणीच्या शेतातच वापरावीत, गायरानात नव्हे.

फ्लेल मोअरची खरी कामे

असे असले तरी फ्लेल मोअर हे निरुपयोगी यंत्र नव्हे. योग्य जागी त्याच्याइतके उपयुक्त साधन दुसरे नाही. महाराष्ट्राच्या परिस्थितीत त्याची पुढील कामे सांगता येतील.

१. न खाल्ल्या जाणाऱ्या तणांचा बंदोबस्त : गायरानात जनावरे चांगले गवत खातात आणि गाजरगवत, टाकळा, रानमोडी यांसारखी तणे सोडून देतात. परिणामी दरवर्षी चांगले गवत घटते व तण वाढते. गाजरगवत भारतात प्रथम १९५५ च्या सुमारास पुण्यात लक्षात आले आणि नंतर ते देशभर पसरले. ही तणे फुलोऱ्यापूर्वी कुटल्यास त्यांचे बी पडत नाही. फुलोरा आल्यानंतर कुटल्यास मात्र यंत्रच बी सर्वत्र पसरविते. गाजरगवताने अनेकांच्या त्वचेस व श्वसनास त्रास होत असल्याने चालकाने तोंडावर जाड फडके आणि अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत.

२. फळबागा : आंबा, काजू, द्राक्षे, संत्री यांच्या दोन ओळींतील गवत कुटून तेथेच आच्छादन म्हणून ठेवता येते. त्यामुळे ओल टिकते आणि पावसाने माती वाहून जाण्याचे प्रमाण कमी होते. कुटलेले गवत झाडाच्या खोडास मात्र भिडू देऊ नये.

३. उसाचे पाचट : तोडणीनंतर शेतात हेक्टरी ८ ते १० टन पाचट राहते. ते पेटवून देण्याची प्रथा अद्याप पूर्णपणे गेलेली नाही. पाचट कुटून सऱ्यांमध्ये ठेवावे. त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे, अशी शिफारस आहे. यामुळे खोडव्याच्या जमिनीस सेंद्रिय खत मिळते.

४. कापसाच्या पऱ्हाट्या : हंगाम संपल्यावर उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळीला आश्रय मिळतो. हातोडा पात्यांच्या यंत्राने त्या वेळेवर कुटल्यास अळीचे जीवनचक्र तोडण्यास मदत होते. अळीग्रस्त बोंडे मात्र आधी वेचून नष्ट करावीत.

५. रस्त्यांच्या कडा, कालव्यांचे काठ व पटांगणे : येथील गवत वैरणीस सहसा उपयोगी पडत नाही. पावसाळ्यानंतर ते वाळून वणव्याचे कारण होते. अशा ठिकाणी कुटणी योग्य ठरते.

वैरणीचे गवत : वेळ आणि उंची

महाराष्ट्रातील माळरानांवर व डोंगरउतारांवर मारवेल, पवना, शेडा, डोंगरी यांसारखी उत्तम बहुवर्षायू गवते आढळतात. अतिचराई झालेल्या जागी त्यांची जागा कुसळी गवत घेते. लागवडीसाठी मारवेल-८ सारखे सुधारित वाणही उपलब्ध आहेत. ही गवते अर्धी-अधिक फुलोऱ्यात आली असता कापल्यास चारा पौष्टिक मिळतो. बी पक्व होऊन काडी पिवळी पडेपर्यंत थांबल्यास वजन भरते, परंतु प्रथिने घटतात आणि काडी कठीण होते. अनेक गावांत दिवाळीनंतर बराच उशिरा कापणी होते. त्या गवताने जनावराचे पोट भरते, अंग भरत नाही.

फुलोऱ्याच्या सुमारास पावसाची भीती असते, ही शेतकऱ्यांची अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे सर्व कुरण एकदम न कापता उघडीप पाहून तुकड्या-तुकड्यांनी कापणे. कापलेले गवत पातळ पसरावे, दिवसातून एक-दोनदा उलटावे आणि त्यातील ओलावा शेकडा १५ च्या आसपास आल्यावरच गंजी रचावी. मूठभर गवत पिळले असता काडी कडकन मोडली, तर ते तयार झाले असे समजावे. ओले गवत रचल्यास त्यास बुरशी येते, आणि गंजीच्या आत उष्णता साठून ती पेटण्याचाही धोका असतो.

कोणतेही साधन वापरले, तरी गवत जमिनीपासून ८ ते १० सेंटिमीटर उंची ठेवून कापावे. मारवेलसारख्या गवतांचा पुढील फुटीचा साठा बुडख्यातच असतो. बुडखाच खरवडला गेल्यास गवत पुन्हा जोमाने फुटत नाही आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते. फ्लेल मोअरच्या बाबतीत ही काळजी दुपटीने घ्यावी, कारण त्याच्या घावाने बुडखा चिरला न जाता फाटतो. दरवर्षी कुरणाचा सुमारे चौथा हिस्सा बी पडेपर्यंत राखून ठेवावा आणि हा हिस्सा पाळीपाळीने बदलावा. त्यामुळे चांगल्या गवताचे बी टिकून राहते. टिटवी, लावा, चंडोल हे पक्षी जमिनीवरच घरटी करतात; त्यांनाही या राखीव हिश्शात आसरा मिळतो.

यंत्राची निवड

फ्लेल मोअर घेण्याचे निश्चित झाल्यास पुढील बाबी पडताळून पाहाव्यात.

ट्रॅक्टरची शक्ती : हलक्या गवतासाठी यंत्राच्या दर मीटर रुंदीस साधारणपणे २० ते २५ अश्वशक्ती लागते, असा ढोबळ हिशेब धरावा. दीड मीटर रुंदीच्या यंत्रास सुमारे ३५ ते ४० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर हवा. पऱ्हाटी व पाचट यांसाठी त्याहून अधिक शक्ती लागते. लहान ट्रॅक्टरला मोठे यंत्र जोडल्यास इंजीन दमते, रुळाचा वेग उतरतो आणि गवत कापले न जाता नुसते लोळते.

रुंदी व वजन : यंत्राची रुंदी ट्रॅक्टरच्या मागील चाकांच्या बाहेरील अंतराहून कमी नसावी, अन्यथा चाकाखाली दबलेले गवत न कापलेले राहते. ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक हे वजन सहज उचलतो की नाही, हे प्रत्यक्ष उचलून पाहावे.

रचना : मागील बाजूस उंची राखणारा रूळ असावा. पुढे व मागे दगड अडविणारे पडदे किंवा साखळ्या असाव्यात. पी.टी.ओ. शाफ्टवर पूर्ण झाकण असावे. ट्रॅक्टर थांबविल्यानंतरही रूळ काही वेळ फिरत राहतो. त्याचा उलटा जोर ट्रॅक्टरवर येऊ नये म्हणून एकाच दिशेने शक्ती पोहोचविणारा क्लच बसविलेला आहे, याची खात्री करावी.

सुटे भाग : पाती, बोल्ट, पट्टे व बेअरिंग तालुक्याच्या ठिकाणी मिळतात काय, हे किमतीआधी विचारावे. ऐन हंगामात एका पट्ट्यासाठी आठ दिवस उभे राहणारे यंत्र स्वस्त पडले असे म्हणता येत नाही.

कामाचा व खर्चाचा हिशेब

खरेदीपूर्वी हिशेब कसा मांडावा, हे एका उदाहरणाने पाहू. यातील रकमा केवळ गणितापुरत्या मानलेल्या आहेत. प्रत्यक्ष दर स्थानिक चौकशीने घालावेत.

यंत्राची रुंदी दीड मीटर आणि चालण्याचा वेग तासाला ४ किलोमीटर असेल, तर एका तासात १.५ × ४,००० = ६,००० चौरस मीटर, म्हणजे ०.६ हेक्टर काम व्हावयास हवे. वळणे, अडथळे व थांबे यांत चौथा हिस्सा वेळ जातो असे धरल्यास प्रत्यक्ष काम तासाला ०.४५ हेक्टर, म्हणजे सुमारे १.१ एकर होते. या हिशेबाने १८ हेक्टर गायरानाचे काम ४० तासांत संपते.

आता यंत्राची किंमत २,००,००० रुपये, आयुष्य १० वर्षे आणि शेवटची किंमत २०,००० रुपये माना. वार्षिक घसारा १८,००० रुपये येतो. सरासरी गुंतवणूक १,१०,००० रुपये. तीवर दरसाल दर शेकडा १० प्रमाणे व्याज ११,००० रुपये. निवारा व दुरुस्तीसाठी आणखी ११,००० रुपये धरल्यास वर्षाचा एकूण खर्च ४०,००० रुपये होतो. यंत्र वर्षातून ४० तासच चालले, तर दर तासास १,००० रुपये पडतात, आणि डिझेल, ट्रॅक्टर व चालक यांचा खर्च वेगळाच. तेच यंत्र शेजारच्या पाच गावांनी मिळून २०० तास चालविले, तर हा भार तासाला २०० रुपयांवर येतो. दुरुस्तीचा खर्च वापराबरोबर थोडा वाढेल. तथापि निष्कर्ष बदलत नाही. एका गावाने यंत्र विकत घेण्यापेक्षा ते भाड्याने आणणे किंवा अनेक गावांनी मिळून ठेवणे बहुधा हिताचे ठरते.

वापरताना घ्यावयाची काळजी

काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी सर्व क्षेत्र पायी फिरून पाहावे. दगड, तारा, बाटल्या व प्लास्टिक वेचून काढावे. खुंट, खड्डे व हद्दीचे दगड यांजवळ उंच काठीला फडके बांधून खुणा कराव्यात. हे काम कंटाळवाणे खरे, परंतु यंत्राचे व माणसांचे आयुष्य त्यावरच अवलंबून आहे.

रोज सकाळी सर्व पाती व त्यांचे बोल्ट तपासावेत. एक पाते तुटले, तर त्याच्या समोरील बाजूचे पातेही बदलावे; अन्यथा रुळाचा तोल जाऊन यंत्र थरथरते आणि बेअरिंग निकामी होतात. पट्ट्यांचा ताण व ग्रीस पाहावे. गवतात शिरण्यापूर्वीच रूळ पूर्ण वेगास आणावा आणि ट्रॅक्टर हळू गिअरमध्ये चालवावा. काम सावकाश हवे, तर ट्रॅक्टर हळू चालवावा. रूळ हळू फिरवू नये. काळी जमीन ओली असता ट्रॅक्टर आत घालू नये; माती दाबली जाते व गवताची मुळे गुदमरतात. कापणी मध्यातून सुरू करून बाहेर सरकावे, म्हणजे ससे, पक्षी व अन्य प्राण्यांना पळून जाण्यास वाट राहते. बाहेरून आत येत गेल्यास ते शेवटच्या पट्ट्यात अडकून मरतात.

यंत्र चालू असता आसपास १०० मीटरपर्यंत माणूस वा जनावर असू नये. मुले यंत्र पाहावयास जमतात; त्यांना दूर ठेवण्यासाठी एक माणूस स्वतंत्र नेमावा. फिरत्या शाफ्टजवळ पदर, धोतराचा सोगा, उपरणे किंवा मोकळे केस जाता कामा नयेत. झाकण नसलेला शाफ्ट क्षणात माणसाला ओढून घेतो. गुंतलेले गवत काढावयाचे असल्यास पी.टी.ओ. बंद करावा, इंजीन बंद करून किल्ली खिशात ठेवावी आणि रूळ पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी. उचललेल्या यंत्राखाली टेकू दिल्याशिवाय हात घालू नये. तीव्र उतारावर ट्रॅक्टर नेऊच नये. सौम्य उतारावर तो वर-खाली चालवावा, आडवा नव्हे. आडवा चालविताना तो उलटण्याची भीती अधिक असते. हिवाळ्यानंतर वाळलेल्या गवतात काम करताना तापलेले बेअरिंग वा दगडावरील ठिणगी वणव्यास पुरेशी होते. यासाठी पाण्याचा पिंप व ओली गोणपाटे जवळ ठेवावीत आणि यंत्रावर साठलेला भुसा वारंवार झाडावा.

ग्रामपंचायतीची जबाबदारी

गायरान ही कोणा एकाची मालमत्ता नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी आणि गवत व वैरणीच्या राखणीसाठी जमिनी राखून ठेवता येतात. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणांविरुद्ध स्पष्ट निर्णय दिला. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी गायरान जमिनींच्या संरक्षणाबाबत शासन निर्णय काढला. कायद्याचे हे पाठबळ असले तरी गायरान खरे टिकते ते वापरामुळे. तणांनी भरलेल्या, गुरे न जाणाऱ्या गायरानाला पडीक म्हणणे सोपे असते, आणि पडीक म्हटलेल्या जमिनीवर अतिक्रमण होण्यास वेळ लागत नाही. या दृष्टीने तण कुटून गायरान चांगल्या गवताखाली ठेवणे हे जमीन राखण्याचेही काम आहे.

मात्र यंत्र आणताना आणखी एका घटकाचा विचार झाला पाहिजे. गावात ज्यांच्याजवळ जमीन नाही पण एक-दोन शेळ्या वा गाय आहे, त्यांची वैरण याच गवतातून येते. भूमिहीन स्त्री-पुरुषांना गवत कापणीचे काही दिवसांचे कामही मिळते. कंत्राटदाराने 'साफसफाई' म्हणून एका दिवसात सर्व गायरान कुटून टाकले, तर कागदावर काम पूर्ण दिसते. परंतु त्या कुटुंबांची वर्षाची वैरण मातीत जाते आणि तिची नोंद कोठेही होत नाही. यासाठी ग्रामसभेत आधी नकाशा समोर ठेवून गायरानाचे तीन भाग ठरवावेत : वैरणीचा भाग, जेथे विळा किंवा चिरणारे यंत्रच चालेल; तणांचा भाग, जेथे फुलोऱ्यापूर्वी फ्लेल मोअर चालेल; आणि बियांसाठी राखून ठेवलेला भाग, जेथे त्या वर्षी काहीच चालणार नाही. वैरणीच्या भागातील गवत कोणी, केव्हा व किती न्यावे, हेही त्याच सभेत ठरवून नोंदवावे. यंत्राचा ठराव या नकाशानंतर यावा, आधी नव्हे.

शाळेसाठी एक प्रयोग

शिक्षकांना हा विषय वर्गाबाहेर शिकविता येईल. कुरणात एक मीटर लांब व एक मीटर रुंद असे दोन चौकोन दोरीने आखावेत. एका चौकोनातील गवत फुलोऱ्यात, तर दुसऱ्यातील बी झडल्यानंतर विळ्याने कापावे. दोन्ही वेगवेगळे वाळवून वजन करावे. एका चौकोनात २५० ग्रॅम वाळके गवत मिळाले, तर हेक्टरी २,५०० किलो होते, हे मुलांनी स्वतः काढावे. नंतर दोन्ही पेंढ्या एकाच गाईपुढे ठेवून ती कोणती आधी खाते व कोणती उरविते, ते पाहावे. त्यातच मूठभर कुटलेले, मातीमिश्रित गवतही ठेवून पाहावे; मात्र त्यात तारेचा वा प्लास्टिकचा तुकडा नाही याची आधी खात्री करावी. वजनकाट्याने न कळणारी गोष्ट गाय दाखवून देईल. शेवटी गावातील गवतांचे नमुने वाळवून, त्यांची स्थानिक नावे वडीलधाऱ्यांकडून विचारून, एका वहीत चिकटवावेत. नाव माहीत असलेले गवत सहसा कोणी तण समजून कुटीत नाही.

गिरगावच्या कडेची ती चरणी आज नावापुरती उरली आहे. गावांची गायराने अद्याप हातची गेलेली नाहीत. जमशेटजींनी पैसे मोजले ते गरिबाच्या जनावराला फुकट गवत मिळावे म्हणून. आज गावाने यंत्रासाठी पैसे मोजताना तोच हेतू समोर ठेवावा. फ्लेल मोअर हे चांगले यंत्र आहे. कोणते गवत त्याच्यापुढे घालावयाचे आणि कोणते राखावयाचे, हे ठरविण्याचे काम मात्र ग्रामसभेचेच आहे.